माणसं पुसून मिळणार नाहीत

थोरलीच्या दुकानात शिरणाऱ्याला आधी पाटी दिसते आणि मग थोरली. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. उंच माणसाने मान वाकवूनच आत यावं अशी. एका भिंतीला टेबल, टेबलावर कॉम्प्युटर आणि स्कॅनर, टेबलाखाली गिऱ्हाइकांचे फोटो ठेवायचे पत्र्याचे डबे, आणि दारासमोरच्या भिंतीवर तिच्याच ठसठशीत अक्षरात: 'जुने फोटो दुरुस्त करून मिळतील. माणसं पुसून मिळणार नाहीत.'

दुसरी ओळ तिने हौसेने लिहिलेली नाही. फाटलेले, डागाळलेले, बुरशी चढलेले फोटो नीट करून द्यायचे हा तिचा धंदा. पण फोटो घेऊन येणाऱ्यांच्या पोटात पुष्कळदा वेगळंच काही असतं. कुणाचं भावाशी बिनसलेलं असतं, म्हणून फोटोत भाऊ नको असतो. एका सासूबाईंना घर सोडून गेलेली सून नको होती. सून उडवा आणि त्या जागी एखादी फुलांची कुंडी टाका, म्हणाल्या.

"कुंडी बाजारात मिळेल," थोरली म्हणाली. "सून होती ती होती. मी नाही पुसणार."

बाई तणतणत गेल्या आणि फोटोवाली भारी शिष्ट आहे असं गावभर सांगत सुटल्या. शिष्ट नव्हे, हट्टी. या दोन्हींत फरक आहे आणि तो थोरलीशी पाच मिनिटं बोलल्यावर कळतो. वडिलांच्या टकलावर केस लावून मागणाऱ्या एका गृहस्थांना तिने विचारलं होतं, "मग वर गेल्यावर तुम्ही त्यांना ओळखणार कसे?" लग्न का केलं नाही असं विचारणाऱ्याला ती शांतपणे उलट विचारायची, "तुम्ही का केलंत?" ती आणि तिची आई दुकानाच्याच वर दोन खोल्यांत राहायच्या, आणि दोघींपैकी जास्त हट्टी कोण यावर त्यांचा वाद होता.

धाकटी बहीण मात्र सगळ्या जगाची लाडकी. ती गाडी चालवायला शिकवायची. तिच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी असतो तसा आणखी एक ब्रेक तिच्या पायाशी होता, आणि आवाज असा की खिडक्या बंद असल्या तरी चौकापर्यंत ऐकू यावा. नवीन शिकणाऱ्यांची एक खोड असते. वळण आलं, खड्डा आला, समोरून ट्रक आला, की रस्ता सोडून ते शिकवणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. बरोबर चाललंय ना, असं विचारल्यासारखं. धाकटी ओरडायची, "माझ्या तोंडाकडे काय बघता? समोर बघा!" अर्धं गाव हे वाक्य ऐकत गाडी शिकलं.

त्यात आईसुद्धा होती. वडील गेल्यावर आईच्या मनाने घेतलं की आपण गाडी शिकायचीच. गोदामांच्या मागे मोकळं मैदान होतं, तिथे धाकटी तिला न्यायची. आईसारखी वाईट शिष्या तिला आधी मिळाली नव्हती आणि नंतरही मिळाली नाही. स्टिअरिंग धरून आई सगळा वेळ लेकीकडेच बघायची, कारण लेक हल्ली नीट जेवत नाही असं तिचं म्हणणं होतं. गाडी एकदा भिंतीला लागली, एकदा कचराकुंडीला. मागच्या सीटवर बसलेली थोरली हसून हसून बेजार व्हायची. मग धाकटीचं दुखणं निघालं, तेही उशिरा कळलं, आणि गाडी शिकायचं राहूनच गेलं. धाकटी गेली तेव्हा आईने शिकाऊ लायसन कपाटात कपड्यांखाली ठेवून दिलं.

धाकटी गेली, पण सोशल नेटवर्किंग साइटवरचं तिचं पान राहिलं. ते काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. उलट तिच्या हाताखाली शिकलेले लोक तिथे येऊन लिहीत राहिले. 'मॅडम, आज पहिल्यांदा घाट चढले.' 'मॅडम, मुलगी पण पास झाली.' धाकटीचा नवरा चष्म्याच्या दुकानात होता. लोकांच्या डोळ्यांना भिंगं बसवणारा, मितभाषी, शर्टाच्या खिशात कायम एक मऊ फडकं असणारा माणूस. तो काही लिहायचा नाही, पण तिच्या वाढदिवसाला एक फोटो टाकायचा. आणि आई तर रोज लिहायची. सकाळी उठली की चहाच्या आधी चष्मा लावायचा, फोन हातात घ्यायचा आणि धाकटीला दोन ओळी: आज नळाला पाणी नव्हतं, थोरली कुणाशी तरी भांडली, तू असतीस तर हसली असतीस. थोरलीला ते वेडेपणाचं वाटायचं, पण तिने कधी तसं म्हटलं नाही. काही गोष्टींत तिचाही हट्ट वितळायचा.

धाकटी जाऊन दीड वर्ष झालं असेल. एका दुपारी थोरली एका लग्नाच्या फोटोवरची बुरशी काढत बसली होती, आणि कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात मेसेज आला. पाठवणारी धाकटी. शेजारी तिचा चेहरा, खाली एक ओळ: 'बघ, या फोटोत तूच आहेस ना?' आणि त्याखाली एक फोटो, इतका धूसर की दोन माणसं आहेत एवढंच कळावं.

दुसरं कुणी असतं तर घाबरलं असतं, नाहीतर रडलं असतं. थोरलीने खुर्ची पुढे ओढली. धूसर चेहरा दिसला की तिचे हात शिवशिवतात. इतकी वर्षं तिने दुसरं केलंय काय? पुसट झालेलं नाक, विरलेले डोळे ओढून ओढून परत आणायचे. मेलेली माणसं मेसेज पाठवत नाहीत हे तिला कळत होतं. आधी कधीतरी पाठवलेला फोटो आज पोचला असेल, अशी समजूतही तिने स्वतःची स्वतःच घातली. तिने फोटोवर क्लिक केलं. फोटो स्पष्ट दिसण्यासाठी हे बसवून घ्या, असं काहीतरी आलं. तिने बसवून घेतलं. फोटो आलाच नाही. ती पुन्हा दाबत राहिली, कारण त्या दोन चेहऱ्यांपैकी एक धाकटीचा असणार होता.

संध्याकाळपर्यंत तोच धूसर फोटो थोरलीच्या नावाने तिच्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना गेला. 'बघ, या फोटोत तूच आहेस ना?' फोटोवालीनेच विचारलं म्हटल्यावर कोण उघडणार नाही? सकाळी कॉम्प्युटर उघडेना, आणि उघडला तेव्हा अर्धवट दुरुस्त केलेले सगळे फोटो गायब. मूळ फोटो डब्यांत सुखरूप होते एवढंच नशीब.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला. बोलघेवडा माणूस, काम करता करता प्रवचन करणारा.

"बाई, असलं काही आलं तर उघडायचंच नाही. व्हायरस असतो. फोटोच्या नावाखाली तुम्ही तो स्वतःच्या हाताने घरात घेतलात. पाठवला कुणी?"

"बहिणीने."

"मग आधी बहिणीला फोन करायचा. एका वाक्यात कळलं असतं. ताई, तू काही पाठवलंयस का? बस्स."

"तिला फोन लागत नाही आता," थोरली म्हणाली. "ती वारली."

त्याने प्रवचन थांबवून कीबोर्ड पुढे ओढला. मग म्हणाला, की धाकटीच्या अकाउंटमध्ये कुणीतरी घुसलंय. पासवर्ड सोपा असणार, किंवा तिचा बंद पडलेला नंबर आता भलत्याच कुणाला मिळाला असणार. तिथून हा व्हायरस तिच्या सगळ्या ओळखीच्यांना जातोय, आणि जो उघडतो त्याच्याकडून त्याच्या ओळखीच्यांना. "तुमचा कॉम्प्युटर मी साफ केला. पासवर्ड बदला, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा. पण बाई, मुळाशी बसलेल्याचं काय? जिवंत माणसाचं अकाउंट असं झालं तर तो आरडाओरडा करतो, पासवर्ड बदलतो. तिथे ओरडायला कुणीच नाही. बेवारस घरात चोर मजेत राहतो."

जाताना त्याने आपुलकीने सल्ला दिला, की तुमच्याकडून गेलं हे कुठे बोलू नका. फोटोचा धंदा विश्वासावर चालतो. लोक विसरतील.

थोरलीने सल्ला ऐकून घेतला, त्याला दारापर्यंत सोडलं, आणि परत येऊन डब्यांमागून एक मोठा पुठ्ठा काढला. त्यावर लिहिलं: 'माझ्या नावाने आलेला फोटो उघडू नका. मी तसाच एक उघडला आणि मला भोवला. ज्यांनी उघडला असेल त्यांनी आत या, काय करायचं ते सांगते.' पुठ्ठा तिने दाराबाहेर, बसच्या थांब्यावरून दिसेल असा टांगला. तोंड लपवून बसायला मी काय चोरी केली आहे, असं ती आईला म्हणाली. चोर तो, आणि तोंड मी लपवू? आई काही बोलली नाही. आई गप्प बसली की थोरलीला शंका यायला हवी होती, पण त्या दिवशी ती संतापात होती.

लोक आले. काही हसायला आले, काही भांडायला. बहुतेकांनी उघडलेलाच होता. थोरली एकेकाला बसवून पासवर्ड बदलायला लावायची, वर दम भरायची, की यापुढे माझं काहीही आलं, अगदी वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या, तरी आधी फोन करून विचारायचं. सून उडवायला आलेल्या त्या सासूबाईसुद्धा आल्या. त्यांना थोरलीने सगळ्यात आधी खुर्ची दिली.

मग एक दिवस पाळणाघर चालवणारी बाई आली. तरुण होती, धाकटीकडे गाडी शिकलेली. तिला धाकटीकडूनच आला होता. "मॅडमचं नाव दिसलं," ती म्हणाली, "आणि मी उघडला. विचारच केला नाही. मॅडम सांगायच्या तेव्हा ब्रेक, मॅडम सांगायच्या तेव्हा गिअर. सवयच होती तशी." तिच्याकडून तो पाळणाघरातल्या सगळ्या आईबापांना गेला होता. कुणी मुलं काढून नेली नव्हती, पण कुजबुज सुरू झाली होती. मग तिने घुटमळत आपला फोन पुढे केला. "हे फिरतंय सगळीकडे. तुम्हाला दाखवू की नको कळेना."

धाकटीचा फोटो होता. गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ती कुणावर तरी ओरडतेय, केस विस्कटलेले, डोळ्यांत हसू. तो फोटो थोरलीनेच काढलेला, त्याच मैदानावर. जिच्यावर ओरडणं चाललं होतं ती आई होती, गाडी भिंतीला लावून खाली उतरलेली. त्या चेहऱ्यावर कुणीतरी लाल फुली मारली होती आणि खाली लिहिलं होतं: 'या बाईपासून सावध. हिचं काहीही उघडू नका. सगळ्यांना पाठवा.'

थोरलीने आयुष्यात पुष्कळ विद्रूप झालेले फोटो पाहिले होते. पाण्याने फुगलेले, उंदराने कुरतडलेले, रागाने फाडलेले. पण सख्ख्या बहिणीच्या तोंडावर मारलेली फुली ती पहिल्यांदाच पाहत होती. ज्या बाईने अर्ध्या गावाला अपघातापासून वाचवलं तिच्यापासून सावध राहायचं? आणि सगळ्यात वाईट म्हणजे, लिहिणाऱ्याचं चुकलंही नव्हतं. सावध राहायलाच हवं होतं.

त्या क्षणी तिने ठरवलं. धाकटीचं पान बंद करायचं.

साइटचे नियम तिने वाचले. मेलेल्या माणसाचं अकाउंट बंद करायला नवऱ्याचा, मुलांचा नाहीतर आईबापांचा अर्ज लागत होता, मृत्यूचा दाखला जोडून. बहिणीला कुणी विचारत नव्हतं. धाकटीला मूल नव्हतं. म्हणजे नवरा. तिने त्याला घरी बोलावलं.

तो आला, आईच्या शेजारी बसला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाही."

"का नाही?"

"तिच्या आवाजाचे व्हिडिओ आहेत तिथे. लोकांनी लिहिलेलं आहे. तिचं म्हणून एवढंच उरलंय, ताई."

"ते सगळं मी उतरवून घेईन. एक अक्षर सोडणार नाही."

"उतरवून घेतलं की ती वही झाली. इथे ती आहे." त्याने खिशातलं फडकं काढलं आणि चष्मा पुसायला लागला. "आपण काही उघडायचं नाही, बाकीच्यांनाही सांगायचं. संपलं."

"आणि ज्यांना सांगायचं राहील त्यांचं? ती पाळणाघरवाली? तिच्यासारख्या आणखी कितीजणी? अहो, तिच्या नावाने कुणीतरी लोकांच्या घरात शिरतंय. आणि लोक दार उघडतायत, कारण दारात ती दिसते. आणि आपण काय करायचं? तिच्या वाढदिवसाला फोटो टाकायचा?"

हे लागलं त्याला. तो एरवी आवाज न चढवणारा माणूस, पण उठून उभा राहिला. "तुमच्या दुकानात पाटी आहे ना ताई? माणसं पुसून मिळणार नाहीत. लोकांच्या सुना पुसायला तुमचा हात धजत नाही. सख्खी बहीण पुसायला बरा धजतो!"

तो जिना उतरून गेला, आणि ती तशीच बसून राहिली. त्याचं म्हणणं तिला टोचत होतं, कारण तेच ती स्वतःला रोज विचारत होती.

"मलाही येतो तो," आई म्हणाली.

"काय येतो?"

"फोटो. यात तूच आहेस ना, म्हणून."

थोरलीने आईच्या हातातून फोन घेतला. फोन तापला होता, आणि उघडल्याबरोबर नको त्या जाहिराती एकावर एक यायला लागल्या. त्या बाजूला सारत ती मेसेजांपर्यंत पोचली. 'बघ, या फोटोत तूच आहेस ना?' आणि खाली आईचं उत्तर: 'हो गं बाळा, मीच आहे.' पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा आईचं उत्तर: 'मीच. जेवलीस का?' असं किती वेळा, ते वर सरकवत गेलं तरी संपेना.

"आई!"

"ओरडू नकोस. मला काय वेड लागलंय? ती नाही हे मला तुझ्याआधी कळतं. पोटातून मी काढली तिला." आईने फोन परत मागून घेतला आणि धाकटीच्या नावाशेजारी बोट ठेवलं. "हे बघ. हा हिरवा ठिपका. ती असायची तेव्हा लागायचा, आहे म्हणून. मग दीड वर्ष नव्हता. आता परत लागतो."

"तो चोराचा ठिपका आहे, आई."

"असू दे. ठिपका तर आहे."

थोरलीला वाटलं, आता उठून खाली दुकानात जावं आणि दार लावून घ्यावं. तिला रडू येत होतं आणि आईचा रागही येत होता, आणि दोन्हींत जास्त काय आहे ते कळत नव्हतं. आईच्या या एका सुखावर हात टाकायचा तर दगडच व्हायला हवं. पण हट्ट हाच तिचा स्वभाव, आणि आज तो आपल्यासाठी नाही, धाकटीसाठी आहे, असं तिला मनापासून वाटत होतं. पाळणाघरवालीकडून घेतलेला तो फुलीचा फोटो तिने स्वतःच्या फोनवर उघडला आणि आईसमोर धरला.

आईने चष्मा नीट केला. बराच वेळ बघत राहिली.

"हा मैदानातला."

"हो."

"माझ्यावर ओरडत होती."

"हो, आई."

"माझ्या पोरीच्या तोंडावर फुली कुणी मारली?"

"घाबरलेल्या माणसांनी. त्यांचा दोष नाही. तिच्या नावाने जो आत बसलाय, त्याच्यामुळे मारली." मग थोरली म्हणाली, "एका फोटोला बुरशी लागली आणि तो तसाच अल्बममध्ये ठेवला, तर सगळा अल्बम जातो. मी गिऱ्हाइकांना हेच सांगते. तो फोटो नकोसा झाला म्हणून बाजूला काढायचा नसतो. बाकीच्यांसाठी काढायचा असतो."

आईने उठून चहा ठेवला. चहा उकळून उकळून काळा झाला तरी ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. मग तिथूनच म्हणाली, "आईची सही चालते म्हणालीस ना?"

त्यानंतरचे काही दिवस दुकान अर्धा वेळच उघडं होतं. थोरलीने धाकटीच्या पानावरचं सगळं उतरवून घेतलं: फोटो, व्हिडिओ, लोकांनी लिहिलेली प्रत्येक ओळ. कुठल्याही लिंकला बोट लावायचं नाही, नुसतं दिसतंय ते उतरवायचं, हे कॉम्प्युटरवाल्याने बजावलं होतं. आई शेजारी बसून मोठ्याने वाचायची. 'मॅडम, तुमच्यामुळे नवऱ्याला न विचारता माहेरी जाऊन आले.' हे वाचून आई इतकी हसली की तिला ठसका लागला. आईचा फोनही साफ करून घेतला. दाखला कपाटातच होता, त्या शिकाऊ लायसनच्या खाली. आईने सही केली, वळणदार, पूर्ण नाव लिहून.

अर्ज पाठवायच्या आधी आई म्हणाली, "मला शेवटचं लिहायचंय."

"तिथे चोर बसलाय, आई. तोच वाचेल."

"त्यालाच लिहायचंय."

आणि आईने लिहिलं. एकेक अक्षर शोधत, चुकलं की खोडत. थोरलीने मदत करायला हात पुढे केला तर तो बाजूला केला. 'तू जो कोण आत बसला आहेस, ऊठ. ती माझ्या मुलीची खुर्ची आहे. तिने तुला गाडीत बसू दिलं नसतं. मी तिची आई. मी तुला काढते.' पाठवलं आणि फोन पालथा ठेवून दिला. थोरलीने अर्ज पाठवला. त्या दिवशी तिला पहिल्यांदा मान्य करावं लागलं की दोघींत जास्त हट्टी आई आहे.

साइटवाल्यांनी बरेच दिवस घेतले. रोज सकाळी आई फोन उघडायची आणि ठिपका आहे का बघायची. थोरलीला वाटायचं आई नाराज होईल, मागे फिरेल. पण एका सकाळी आई म्हणाली, "गेलं." पान उपलब्ध नाही, एवढंच लिहून आलं होतं. आईने फोन बाजूला ठेवला आणि खूप दिवसांनी निवांत बसून चहा घेतला.

धाकटीचा नवरा त्याच दुपारी आला. दुकानाच्या दारात मान वाकवून उभा राहिला, आत आला नाही. आई खालीच होती. आता दुपारी ती दुकानात येऊन बसायची आणि गिऱ्हाइकांना पासवर्डवरून बोलायची.

"कुणी केलं?" तो थोरलीला म्हणाला. आवाज फाटला होता. "मी नाही म्हणालो होतो. तरी केलंत. आधी ती पाटी उतरवा, ताई. तुम्हाला शोभत नाही ती."

"पाटी राहील," थोरली म्हणाली. "मी माणूस पुसलं नाही. तिच्या नावामागे लपलेला हाकलला."

"सही माझी आहे," आई म्हणाली. "तिला काय बोलता? मला बोला."

तो आईकडे वळला. त्याने चष्मा काढला, फडकं शोधलं, ते सापडलं तरी तसाच उभा राहिला. मग एखाद्या मुलासारखा म्हणाला, "आई, मलाही दिसायचा तो ठिपका. दुकान उघडायच्या आधी बघायचो. मला माहीत होतं कोण आहे ते. तरी बघायचो. आता सकाळी उठून काय बघू?"

आईचे डोळे भरले होते. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, काहीतरी सांगेल म्हणून, बरोबर चाललंय असं म्हणेल म्हणून. आईने त्याच्या हातातला चष्मा घेतला, पदराने पुसला आणि त्याच्या नाकावर परत बसवला.

"माझ्या तोंडाकडे काय बघता?" आई म्हणाली. "समोर बघा."

त्याने समोर पाहिलं. भिंतीवर पाटी होती, आणि पाटीखाली थोरलीने कालच मोठा करून लावलेला फोटो. धाकटी गाडीच्या खिडकीतून डोकं काढून ओरडत होती, केस विस्कटलेले, आणि चेहऱ्यावर फुली नव्हती.